कलाबाईची बिननावाची पिशवी

सुरतेच्या नवागामात कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरातल्या माणसांच्या आधी कलाबाईला कळतं, असं लोक म्हणतात. ही अतिशयोक्ती आहे. त्यांच्याबरोबरच कळतं.

कोणाची सून रुसून अमळनेरला गेली, कोणाच्या जावयानं उधन्याची मिल सोडून रिक्षा घेतली, कोणाकडे पाहुणे मुलगी बघायला आले आणि नुसते पोहे खाऊन उठले, असला सगळा माल तिच्याकडे ताजा मिळायचा. तोंडावर तिला कोणी काही बोलत नसे. पाठीमागे मात्र गल्लीनं तिचं नाव 'पंचायत' ठेवलं होतं, आणि तेही तिला माहीत होतं, कोणी ठेवलं त्याच्यासकट. नवरा उखा तीस वर्षं लूमवर. मशीनच्या खडखडाटानं त्याला कमी ऐकू येतं असं तो सांगतो. कलाबाई बोलायला लागली की त्याला अजून कमी येतं.

तर या कलाबाईनं गेल्या होळीला एक खोली मागितली. खोली म्हणजे त्यांच्याच घराची गल्लीकडची दर्शनी खोली. घर सासऱ्यांनी, धुडकूबाबांनी, बांधलेलं. वर जेठ, म्हणजे मोठा दीर, गणपत आणि जेठानी प्रमिलाबाई, खाली उखाचा संसार, आणि ही खोली दोघांची सामाईक. तिच्यात मोडका पाळणा, फुटका कूलर आणि दोन बिऱ्हाडांचं भांडण पडलेलं. कलाबाईला तिथून पापड-कुरडयांचा ऑनलाइन धंदा काढायचा होता. गणपतला ती मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला भाड्यानं द्यायची होती.

बैठक बसली. खानदेशातली रीत अशी की धाकट्या भावाची बायको जेठाशी थेट बोलत नाही. कलाबाई डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीआड उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "भाऊंना म्हणावं, खोली दोघांची आहे. कव्हरवाल्याला शब्द एकट्यानं कसा दिला?"

गणपतही उखाकडेच बघून म्हणाला, "तिला विचार, खोलीत करणार काय? पापड?"

"म्हणावं, पापडच."

"नवागामात पापड कोण विकत घेईल म्हणावं? घरोघरी गच्च्यांवर वाळतात."

"म्हणावं, नवागामात विकायचे कोणी सांगितले?"

उखाची मान लूमच्या धोट्यासारखी इकडून तिकडे जात होती. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही आणि तरीही सगळे निरोप पोचले. शेवटी असं ठरलं, की शाळा उघडेपर्यंत खोली कलाबाईची. तोवर धंदा उभा राहिला तर कायमची तिची. नाही राहिला तर कव्हरवाला.

"उभा राहिला हे ठरवायचं कसं?" गणपतनं विचारलं.

हे उत्तर प्रमिलाबाईनं जिन्यात बसल्या बसल्या दिलं. "खोलीत माल पडून दिसला, की नाही उभा राहिला."

कलाबाईला जन्मात स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली नव्हती. माहेरी पाच बहिणींत एक गोधडी, सासरी ओट्याची एक बाजू. कूलर बाहेर काढून तिनं खोली शेणानं सारवायला घेतली, तेव्हा सून रुपाली म्हणाली, "मम्मी, फरशीवर शेण बसत नाही." मग फिनेलनं पुसली. त्या दिवशी दुपारी ती खोलीच्या मधोमध नुसतीच बसून राहिली होती, असं समोरची सुवर्णा सांगते. सुवर्णाला खिडकीतून सगळं दिसतं.

रुपाली सुरतेतच वाढलेली. सासूशी मराठी, नवऱ्याशी हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती आणि फोनशी सगळ्या भाषा. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "मम्मी, पिठाला हात लावू नका. आधी टार्गेट मार्केट."

"ते कुठे आलं?"

"कुठे नाही आलं. आपला माल नेमका कोणत्या बाईला पाहिजे, तिचं वय काय, ती राहते कुठे, तिची अडचण काय, हे आधी शोधायचं. मग माल."

कलाबाईचे डोळे चकाकले. "म्हणजे लोकांच्या घरात जाऊन चौकश्या करायच्या?"

"हो."

"आणि ह्याला लोक धंदा म्हणतात?"

दुसऱ्या दिवसापासून कलाबाई हक्कानं हिंडायला लागली. नवागाम झालं, डिंडोली झाली, लिंबायतच्या गल्ल्या झाल्या. प्रत्येक घरी चहा आणि एकच प्रश्न: मी बिबड्या, कुरडया, पापड, शेवया केल्या तर घेशील का? आणि प्रत्येक घरी एकच उत्तर: घेऊ ना मावशी, का नाही घेणार? रुपालीनं फोनवरून तेच विचारलं, तर नात्यागोत्यातल्या झाडून सगळ्यांनी 'हो'वर बोट दाबलं. 'नाही'वर एकानं दाबलं होतं. तो चुलत दीर निघाला, चष्मा विसरला होता.

सासू-सुना खूश. चैत्रात गच्चीवर वाळवण सुरू झालं. गव्हाचा चीक शिजला, ज्वारीच्या पिठाच्या पातळ बिबड्या थापल्या, जुन्या साड्यांवर कुरडयांची फुलं फुलली. रुपालीनं सोनेरी लेबलं छापून आणली. लेबलावर पदर घेतलेली कलाबाई, खाली 'कलाबाईचं खानदेशी खमंग'. फोटोत ती इतकी गंभीर दिसत होती, की सुवर्णा म्हणाली, "मावशी, हा फोटो पुढे दुसऱ्या कामालाही येईल."

रुपालीनं फोनवर धंद्याचं पान उघडलं, डबे रचले. आणि ऑर्डर आली नाही.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली तरी नाही. ज्या बायकांनी 'घेऊ ना मावशी' म्हटलं होतं त्या रस्त्यात भेटल्या की लांबूनच साडीच्या निऱ्या नीट करायला लागायच्या. प्रमिलाबाई रोज सकाळी झाडू मारायच्या निमित्तानं खोलीत डोकावायची.

"काय वं कला, तुना धंदा चाली ऱ्हायना का नही?"

"चालेल बाई."

"डबे तर उभेच आहेत. पायबिय फुटले तर सांग, बघायला येते."

कलाबाईला जेवण जाईना. गल्लीतल्या बातम्यासुद्धा शिळ्या लागायला लागल्या. एका दुपारी तिनं सुवर्णाला गाठून खरं विचारलं, तेव्हा सुवर्णा म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्याच घरात, माझाच चहा पिताना विचारलं. नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू? माझ्या आईनं पोतंभर पाठवलंय. मी पापड विकत घेतले तर माझी सासू विचारेल, तुझी माय मेली का?"

कलाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिबडी-कुरडई ही खायची वस्तू आहे असं धरून तिनं धंदा मांडला होता. खानदेशात ती नुसती खायची वस्तू नाही. आखाजीला लेक माहेरी जाते, झोके घेते, आईच्या गळ्यात पडते, आणि येताना पिशवी घेऊन येते. ती पिशवी सासरच्या ओट्यावर सगळ्यांसमोर उघडायची असते. ज्या बाईला माहेर आहे, ती विकत घेणार नाही. मेली तरी घेणार नाही.

"मग घेईल कोण?" तिनं रुपालीला विचारलं. रुपालीनं फोन उघडला. त्यावर एक निरोप येऊन पडला होता, तो तिनं वाचून दाखवला. उधन्याच्या पलीकडच्या सोसायटीतल्या कोणा नूतनची ऑर्डर, पहिली आणि एकुलती. खाली लिहिलं होतं: कृपया लेबल लावू नका. डबा नको. साध्या कापडी पिशवीत द्या.

"असं का लिहिलं असेल?" रुपाली म्हणाली. "विचारते फोनवर."

"फोनवर पोटातलं कळतं का?" कलाबाईनं कापडी पिशवी भरली आणि चपला घातल्या.

"मम्मी, गिऱ्हाइकाच्या घरी असं जात नाहीत. लोक घाबरतात."

"मी काय वाघ आहे?"

रिक्षातून उतरून सोसायटीच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा वॉचमननं विचारलं, "कोनूं काम छे, मासी?" तिनं नूतनचं नाव सांगितलं आणि तो नूतनच्या नवऱ्याची बदली कुठून झाली इथपर्यंत तिला सांगून मोकळा झाला. माणसं तिला आपणहून सांगतात, त्याला ती काय करणार?

दार नूतननं उघडलं. चाळिशीची, बँकेत नोकरीला, नुकतीच कामावरून आलेली. कलाबाईच्या हातातली पिशवी बघून तिचा चेहरा उतरला. आतून सासूचा आवाज आला, "कोण आहे गं? काय विकायला आलेत?"

आता इथे दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मी पापडवाली. कलाबाईनं नूतनच्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं, फक्त एकदा, आणि उंबरा ओलांडून आत शिरत मोठ्यानं म्हणाली, "विकायला कशाला ताई? मी नूतनच्या माहेरची. हिच्या आईच्या गावची. सुरतेला येतच होते, म्हटलं पोरीची पिशवी नेऊन द्यावी."

सासू सोफ्यावर सरळ बसली. "अगोबाई. या, बसा. नूतन, चहा टाक."

कलाबाई चांगली तासभर बसली. सासूच्या गुडघ्यांपासून धाकट्या सुनेच्या नखऱ्यांपर्यंत सगळं ऐकलं, आपल्या नसलेल्या गावच्या पावसापाण्याच्या गोष्टी सांगितल्या, नूतन लहानपणी किती गोरी होती तेही सांगून टाकलं. पिशवी सासूच्या देखत उघडली गेली. सासूनं एक बिबडी मोडून बघितली आणि म्हणाली, "धाकटीच्या माहेरची एवढी पातळ नसते."

स्वयंपाकघरात नूतननं तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "आई जाऊन बरीच वर्षं झाली, मावशी. भाऊ आहे, पण वहिनी… जाऊ दे. दर आखाजीला जावेची पिशवी येते आणि सगळे विचारतात, नूतन, तुझं काय आलं? मी दुकानातून आणते. बँकेत बसून लेबलं काढते. तुमचं लेबल इतकं चिकट दिसत होतं, की म्हटलं हे निघणार नाही."

कलाबाई परत आली ती रिक्षातूनच ओरडत आली असं गल्ली सांगते. तसं नाही. उतरली, खोलीत गेली, सोनेरी लेबलांचा गठ्ठा उचलला आणि सुनेच्या हातात दिला. "हे चुलीला लाव. आपली बाई सापडली."

दुसऱ्या दिवसापासून चौकश्या नव्यानं सुरू झाल्या, पण आता प्रश्न वेगळा होता. घेशील का, असं ती कोणालाच विचारत नव्हती. ती विचारायची, "मग, यंदा आखाजीला माहेराहून काय काय आलं?" एवढंच. मग गप्प बसून ऐकायची. बहुतेक जणी डबे काढून दाखवायच्या. आणि एखादी एकदम म्हणायची, "ऊन किती वाढलंय ना मावशी." कलाबाई घरी येऊन सुनेला सांगायची, "जिनं विषय बदलला, ती आपली."

रुपाली मग त्या बाईचं वय, नोकरी, गाव असं सगळं विचारून घ्यायची. पंधरवड्यात तिला चित्र दिसायला लागलं. आई गेलेली, किंवा माहेराशी बिनसलेलं. पस्तिशीच्या पुढची. बहुतेक नोकरीवाली, वाळवण करायला ना गच्ची ना वेळ. आणि सुरतेतच असते असं नाही, पुण्याला, नाशकाला, वापीला, जिथे जिथे खानदेशी माणूस पोटामागे गेला तिथे तिथे. एवढ्या लांबच्या बायकांना गाठायचं काम फोनचं, आणि त्यात रुपाली उस्ताद. जाहिरात कोणाला दिसावी, कोणत्या गावात दिसावी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाई एकटी असते तेव्हाच कशी दिसावी, हे सगळं तिनं बसवलं.

मजकुरावरून मात्र दोघींची जुंपली. कलाबाईचं म्हणणं, सरळ लिही, आई नसलेल्या लेकींसाठी. रुपाली म्हणाली, "मम्मी, ते वाचून बाई रडेल, पण बोट दाबणार नाही." शेवटी रुपालीनं लिहिलं: *आखाजीची पिशवी. वर नाव तुमचं, आमचं नाही. पाठवणाऱ्याचं नाव तुम्ही सांगाल ते.*

पिशवीचं तंत्र कलाबाईचं. उखानं लूमवरचं कोरं कापड आणलं. त्याच्या पिशव्या, तोंड सुतळीनं शिवलेलं, वर मार्करनं मोठ्या वाकड्या अक्षरात नाव. आत थोडा कडुलिंबाचा पाला. रुपाली सगळे पापड एका मापाचे निवडत होती, तर कलाबाईनं तिचा हात झटकला. "आईच्या हातचे एकसारखे असतात का? लहानमोठे टाक. दोन मोडके पण टाक." आणि प्रत्येक पिशवीत न मागितलेली एक वस्तू. मूठभर शेंगा, नाहीतर ब्लाउजपीस, नाहीतर गुळाचा खडा. "माहेरच्या पिशवीत न मागितलेलं काहीतरी असतंच," ती म्हणायची. रुपालीला ते पटलं नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या एका बाईचा आवाजातला निरोप आला, त्यात ती फक्त "गूळ कसा काय…" एवढंच बोलून थांबली होती. नंतर तिनं तिच्या मैत्रिणीची ऑर्डर टाकली.

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. आखाजीला माहेरी गेलेल्या बायका परतल्या आणि घरोघरी जावांच्या, नणंदांच्या पिशव्या पोचायला लागल्या, तशा इकडे ऑर्डरी येऊन आदळायला लागल्या. डबे गेले, गच्चीवरचं गेलं. सुवर्णानं आपली गच्ची दिली, शेजारणीनं तिची. ज्या बायका निऱ्या नीट करत पळायच्या त्या आता लाटायला येऊन बसल्या, आणि मजुरीबरोबर नवागामच्या ताज्या बातम्याही फुकट मिळायला लागल्या. उखा कामावरून आला की सुतळीनं पिशव्या शिवायचा. त्याला आता अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले असताना रुपाली फोन घेऊन पळत आली. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

"मम्मी, ऑर्डर बघा. नाव प्रमिला गणपत. पत्ता आपलाच. वरचा मजला. पाठवणाऱ्याचं नाव, काकूंच्या भावाचं."

कलाबाई खाटेवर बसली. प्रमिलाबाई आणि तिचा भाऊ यांचं आईच्या तेराव्यालाच वाजलं होतं, आणि त्या घरचं पाणी पिणार नाही असं सांगून ती निघून आली होती, हे कलाबाईला माहीत होतं. साल, वार, कोण काय बोललं, सगळं. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात प्रमिलाबाई ओट्यावर पसरून दाखवते ती पिशवी कुठून येते, हे अख्ख्या नवागामची खबर ठेवणाऱ्या बाईला एकाच जिन्याच्या अंतरावर असून कधी सुचलं नव्हतं.

"जिन्यातून देऊन येऊ?" रुपाली म्हणाली.

"जिन्यातून माहेर येतं का?"

पिशवी कलाबाईनं स्वतः भरली. सगळ्यात चांगल्या कुरडया, जास्तीच्या शेवया, आणि न मागितलेलं म्हणून एक हिरव्या बांगड्यांचा जोड. मग उखाला रिक्षात बसवून ती उधन्याच्या कुरिअरच्या ऑफिसात पाठवली. पिशवी नवागामहून उधन्याला गेली, तिथे कुठेतरी मुक्काम केला, तिच्यावर शिक्के पडले, आणि भर दुपारी गल्लीतून बाइकवर बसून परत नवागामला आली. कुरिअरवाल्यानं खालून हाक मारली, "प्रमिलाबेन, पार्सल छे." बायका लाटणी थांबवून बघायला लागल्या.

प्रमिलाबाई हळूहळू जिना उतरली. पिशवी घेतली, वरचं नाव वाचलं, सुतळीवरून बोट फिरवलं. कलाबाईकडे न बघता म्हणाली, "भावानं पाठवली. दरवर्षी पाठवतो."

"पाठवणारच," कलाबाई म्हणाली. "एकुलती बहीण तुम्ही."

आणि तिनं हे कोणाला सांगितलं नाही. खरंच नाही. रुपालीनं सुवर्णाला सांगितलं, सुवर्णानं बाकीच्यांना, आणि आता अख्ख्या नवागामला माहीत आहे. पण कलाबाईच्या तोंडून गेलेलं नाही, आणि प्रमिलाबाईच्या कानावर आजवर कोणी घातलेलं नाही. नवागामच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

शाळा उघडली त्या दिवशी गणपत कव्हरवाल्याला घेऊन खोलीत आला. कव्हरवाल्यानं टेप काढली. पण भिंतीला टेप लावायला भिंत दिसायला हवी. छतापर्यंत भरलेल्या पिशव्या, मधल्या जागेत बसलेल्या बायका, दारात कुरिअरच्या दोन बाइकी. तो टेप धरून दारातच उभा राहिला.

गणपत उखाकडे वळला. "माल तर पडूनच आहे. ठरल्याप्रमाणे…"

"पडून कुठे आहे?" वरून आवाज आला. प्रमिलाबाई जिन्यात उभी होती. हातात नव्या हिरव्या बांगड्या. "अहो, तो माल जातोय. आज संध्याकाळी नाशिकची गाडी आहे. त्या माणसाला म्हणावं, टेप गुंडाळ."

"अगं, मी शब्द दिलाय."

"मग शब्द वर आपल्या खोलीत राहायला बोलवा. ही खोली कलाची आहे."

गणपतनं बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. उखाला नेमकं तेव्हाच काही ऐकू आलं नाही. कव्हरवाला व्यवहारी माणूस होता. बायकांची एवढी ये-जा बघून त्यानं खोलीचं नाव सोडलं आणि बाहेर ओट्याच्या कोपऱ्यात टेबल मांडायला मिळेल का असं विचारलं. मिळालं. भाडं गणपतलाच मिळतं, त्यामुळे तोही फार दिवस रुसला नाही.

प्रमिलाबाई खाली येऊन बायकांत बसली. एक कुरडई उचलली, उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं.

"कला, चीक कोणी शिजवला हा?"

"मीच, बाई."

"तरीच. उद्यापासून मी शिजवणार. ऊठ, तिकडे सरक."

कलाबाई सरकली. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या माणसांत, आणि सरकताना शेजारणीच्या कानाशी लागून विचारत, "काय गं, ती नाशिकवाली, तिच्या नणंदेचं जमलं म्हणतात, खरं का?"